जपानी शाळेतील पहिला शरद: नव्याने येणाऱ्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असले, तरी परदेशातून येणाऱ्या शिक्षकांपैकी अनेक जण जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये तेथे पोहोचतात, आणि उन्हाळी सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की सप्टेंबरमध्ये त्यांची शाळेशी खरी ओळख होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने शाळेत सर्वांत गजबजलेले असतात आणि डोंगरदऱ्यांत सर्वांत देखणे. मी पश्चिम जपानमधील ओकायामा प्रांतातल्या एका छोट्या गावात इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करते. येथील माझ्या पहिल्या शरदात मी काम एका बाजूला आणि भटकंती दुसऱ्या बाजूला ठेवून चालले होते, आणि त्यामुळे दोन्हींकडे ओढाताण झाली. शाळेचे वेळापत्रक नीट वाचता आले की भटकंती त्यातच बसते, हे मला दुसऱ्या वर्षी उमगले. तुम्हाला ते पहिल्याच वर्षी कळावे, यासाठी हा लेख क्रमवार लिहीत आहे.

निघण्यापूर्वी

साहाय्यक भाषा शिक्षकाला जपानमध्ये ‘एएलटी’ म्हणतात. या कामावर येण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत: १९८७ पासून चालू असलेला सरकारी ‘जेट’ कार्यक्रम, किंवा शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्या. सरकारी शाळेत शिकवण्यासाठी जो ‘शिक्षक’ वर्गाचा व्हिसा लागतो, त्याच्या अटींमध्ये जी भाषा शिकवायची त्याच भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असणे, ही एक अट आहे. ज्यांची शाळा मराठी माध्यमातून झाली आहे, त्यांनी अर्ज करण्याआधीच ही बाब स्पष्ट करून घ्यावी. सगळी तयारी झाल्यावर तेथे अडणे फार जिव्हारी लागते.

सामान भरताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली गोष्ट औषधांची. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एका महिन्यापुरतीच विनापरवाना नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील, तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आयातीचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांबाबत तेथील कायदा कडक आहे, त्यामुळे घरच्या औषधांच्या डब्यातून हाताला येईल ते पिशवीत टाकू नका. दुसरी गोष्ट खाण्याच्या वस्तूंची: ताजी फळे, भाज्या, मिरच्या आणि कढीपत्ता यांपैकी अनेक गोष्टी भारतातून नेण्यास मनाईच आहे आणि बाकीच्यांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि ते नसेल तर विमानतळावरच सगळे काढून घेतले जाते. तिसरी गोष्ट मिक्सरची. जपानमध्ये विजेचा दाब १०० व्होल्ट आहे, त्यामुळे आपल्याकडचा २३० व्होल्टचा मिक्सर दाब वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही, आणि तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो. मिक्सर घरी ठेवा आणि खलबत्ता आणा. प्रेशर कुकर मात्र जरूर आणावा, पण घरात गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. स्टीलचा घेतल्यास हा प्रश्न उरत नाही.

पहिला पगार हाती येईपर्यंत महिना-दीड महिना जाऊ शकतो आणि घर घेताना अनामत, मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम आणि पहिले भाडे एकदमच द्यावे लागते, म्हणून तेवढे पैसे हाताशी ठेवून निघा.

पहिले चौदा दिवस

मोठ्या विमानतळांवर उतरल्याबरोबर तुम्हाला ‘झाइऱ्यू कार्ड’ हे रहिवासी ओळखपत्र मिळते आणि ते नेहमी जवळ बाळगावे लागते. घर निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत गावाच्या किंवा शहराच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवणे बंधनकारक आहे. ही नोंद झाल्याशिवाय बँकेचे खाते, फोनची जोडणी, आरोग्य विमा यांपैकी काहीच पुढे सरकत नाही, म्हणून पहिल्याच कामाच्या दिवशी शाळेतील किंवा शिक्षण मंडळातील कोणाला तरी सोबत घेऊन हे काम उरकावे. त्याच वेळी कचऱ्याचे वेळापत्रक मागून घ्या. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, कागद यांचे दिवस आणि पिशव्या प्रत्येक गावात वेगळ्या असतात, आणि नवा शेजारी कसा आहे हे जपानमध्ये बरेचसे त्याच्या कचऱ्यावरून ठरते.

आरोग्य विम्यामुळे दवाखान्याच्या खर्चाचा ३० टक्के भाग आपल्याकडे येतो. निवृत्तिवेतनासाठी पगारातून जी रक्कम कापली जाते, तिच्याबाबत भारतीयांनी एक गोष्ट जाणून घ्यावी: भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्ही देशांतील नोकरीचा काळ पात्रतेसाठी एकत्र मोजता येतो, मात्र जपान सोडताना ती रक्कम एकरकमी काढून घेतली तर तेथील तो काळ हिशेबातून जातो. दुसरी सूचना कराची. स्थानिक रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे नव्याने आलेल्याला सुरुवातीला तो भरावा लागत नाही आणि पुढे एखाद्या जूनपासून पगार अचानक कमी दिसू लागतो. ती रक्कम आधीपासून बाजूला टाकत जावे.

सायकल घेतली की तिची चोरीविरोधी नोंदणी करून घ्या. सायकल चालवताना फोन हातात धरून बोलणे किंवा पाहणे यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षा अधिक कडक झाली आहे, आणि पोलीस ते खरोखर पाहतात. तातडीच्या वेळी पोलिसांसाठी ११० आणि आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत.

शाळेतील दिवस

शाळेच्या दारातच बाहेरचे बूट काढून आतले, म्हणजे ‘उवाबाकी’, घालायचे असतात. शिक्षकांनी स्वतःची जोडी आणायची असते. पहिल्या दिवशी पाहुण्यांच्या सपाता घालून जिने चढताना त्या किती निसटतात हे कळतेच. आत गेल्यावर तुमचे घर म्हणजे शिक्षकांची खोली, ‘शोकुइन्शित्सु’. एका मोठ्या दालनात सर्वांची टेबले जोडून मांडलेली असतात, उपमुख्याध्यापक समोरच्या टेबलावर बसतात आणि दिवसाची सुरुवात छोट्या सभेने होते. येताना सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणावे आणि निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे ‘तुमच्या आधी निघत आहे, क्षमा असावी’, असे म्हणावे. आपल्याकडे ‘येते हं’ म्हणून निघतात, त्यासारखेच हे आहे. न सांगता निघून जाणे दोन्हीकडे खटकते.

माध्यमिक शाळेत तास ५० मिनिटांचा आणि प्राथमिक शाळेत ४५ मिनिटांचा असतो. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला असून वर्षाला ७० तास असतात, तर तिसरी-चौथीला ३५ तास खेळ आणि गाण्यांतून ओळख करून दिली जाते. वर्ग जपानी शिक्षकाच्या हाती असतो आणि आपण त्याच्या जोडीला असतो, त्यामुळे तासाआधी पाच मिनिटे गाठून ‘आज मी नेमके काय करू?’ हे विचारून घेणे महत्त्वाचे आहे. गुण देणे किंवा शिस्त लावणे हे आपले काम नाही. मुलांचे उच्चार ऐकणे, त्यांना धीर देणे आणि इंग्रजी बोलणारे माणूस त्यांच्यासारखेच जेवते, धावते, चुकते हे त्यांना दिसू देणे, हे काम आपले आहे. भारतीय शिक्षकाला पाहून काही मुले सुरुवातीला गोंधळतात, कारण इंग्रजी म्हणजे अमेरिका असे त्यांच्या मनात बसलेले असते. या गोंधळाचा उपयोग करून घ्यावा. जगात इंग्रजी किती प्रकारांनी बोलली जाते, हे शिकवणारा धडा आपण स्वतःच असतो. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. आपल्यासाठी ही वाट अगदीच अनोळखी नाही.

दुपारचे जेवण, ‘क्यूशोकु’, मुले स्वतः वाढतात आणि शिक्षक त्यांच्यासोबत वर्गातच जेवतात. जेवणाआधी सर्वांनी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणण्याची पद्धत, श्लोक म्हणून जेवायला बसणाऱ्या घरातून आलेल्याला चटकन जवळची वाटते. त्यानंतर सफाईचा वेळ असतो. मुले फडकी घेऊन वऱ्हांडे पुसतात आणि शिक्षकही त्यांच्यात असतात. या १५-२० मिनिटांत मुले जेवढे बोलतात तेवढे तासाला बोलत नाहीत, म्हणून फडके हातात घ्या आणि त्यांच्या शेजारी बसा.

जेवणाचा प्रश्न

शाकाहारी व्यक्तीने हा प्रश्न येण्यापूर्वीच, ईमेलने, स्पष्ट शब्दांत मांडावा. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण जपानी समजुतीत मांस म्हणजे प्राण्यांचे मांस आणि मासा वेगळा. शिवाय मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, इतकेच काय, भाताच्या इनारीझुशीतही सुकवलेल्या बोनितो माशाच्या अर्काचे पाणी, ‘दाशी’, वापरलेले असते. मांस, मासे आणि माशाचे दाशी या तिन्ही गोष्टी नावे घेऊन सांगाव्यात, अंड्याचेही सांगावे आणि घरून डबा आणण्याची परवानगी मागावी. एकदा विचारले की शाळा बहुधा समजून घेतात. अडचण होते ती पहिल्या दिवशी समोर ताट आल्यावर सांगितल्याने, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात पदार्थांचे नियोजन महिनाभर आधी झालेले असते.

घरी मात्र फारशी अडचण येत नाही. तांदूळ चिकट असला तरी दहीभात आणि खिचडी यांना तो छान लागतो, टोफू आणि दूध उत्तम मिळते, डाळी आणि मसाले भारतीय दुकानांतून घरपोच येतात. शरदात बाजार भोपळा, चेस्टनट, नाशपाती आणि पर्सिमॉन यांनी भरलेला असतो. त्याहूनही आपल्या ओळखीचे म्हणजे ‘याकिइमो’, भाजलेले रताळे. सुपरमार्केटच्या दारातच गरम दगडांवर भाजत ठेवलेली ही रताळी साखर न घालता इतकी गोड लागतात की कार्तिकी एकादशीचा उपवास मी गेली तीन वर्षे त्यांवरच करते.

शरदाचे वेळापत्रक हाती घेणे

सहलींच्या तयारीची खरी पायरी येथे सुरू होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपमुख्याध्यापकांकडून वर्षाच्या कार्यक्रमांचे पत्रक मागून घ्या आणि कोणाच्या तरी मदतीने त्यावर मराठीत खुणा करा. १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंधक दिवस असतो. १९२३ च्या कान्तो भूकंपाची ती तारीख आहे आणि तिच्या आसपास बऱ्याच शाळांत भूकंपाचा सराव होतो. त्यानंतर इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा येतात, ज्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर मुलांची तयारी करून घेणे बहुतेक वेळा आपल्याकडेच असते. १ ऑक्टोबरच्या सुमारास मुलांचे गणवेश हिवाळी होतात. ‘उंदोकाई’ हा क्रीडा दिवस काही शाळांत मेमध्ये, तर काहींत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो, आणि ‘बुंकासाई’ हा सांस्कृतिक महोत्सव ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये होतो.

या पत्रकातील सर्वांत मोलाचा शब्द ‘फुरिकाए क्यूजित्सु’ हा आहे. शनिवारी किंवा रविवारी शाळेचा कार्यक्रम झाला की त्याच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात, बहुतेक वेळा सोमवारी, सुट्टी मिळते. त्या दिवशी बाकीचा देश कामावर असतो, गाड्या रिकाम्या असतात आणि जेथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते तेथे निवांत फिरता येते. पहिल्या वर्षी मी २३ नोव्हेंबरच्या सार्वजनिक सुट्टीला क्योतोला गेले आणि झाडांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त पाहून परतले. दुसऱ्या वर्षी बुंकासाईनंतरच्या सोमवारी बाहेर पडले, तेव्हा त्या दिवसाची किंमत कळली. फक्त एवढे लक्षात ठेवा की अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात.

सार्वजनिक सुट्ट्याही पत्रकावर लिहून घ्या: सप्टेंबरचा तिसरा सोमवार हा ज्येष्ठ नागरिक दिन, २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास शरद संपात, ऑक्टोबरचा दुसरा सोमवार क्रीडा दिन, ३ नोव्हेंबर संस्कृती दिन आणि २३ नोव्हेंबर श्रमिक कृतज्ञता दिन. दिवाळीला अर्थातच सुट्टी नसते. नोकरीचे सहा महिने पूर्ण झाल्यावर कायद्याने किमान दहा दिवस भरपगारी रजा मिळते, पण नवागताला पहिल्या दिवाळीपर्यंत ती मिळतेच असे नाही, म्हणून आपल्या करारात काय आहे ते आधी पाहा आणि रजा हवी असल्यास दोन-तीन आठवडे आधी, कार्यक्रमाचे दिवस टाळून, मागा.

आता पानांचे वेळापत्रक. पाने लाल होण्याला ‘कोयो’ आणि ती पाहायला जाण्याला ‘मोमिजीगारी’ म्हणतात. रात्रीचे तापमान साधारण ८ अंशांच्या खाली जाऊ लागले की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होऊ लागते. गिंकोच्या पानांत आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, तर मेपलच्या पानांत अडकून राहिलेल्या साखरेपासून लाल रंग नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा भरपूर ऊन आणि रात्री चांगली थंडी लागते. ही लाट होक्काइदोच्या दाइसेत्सुझान पर्वतावर सप्टेंबरच्या मध्यास सुरू होते आणि दक्षिणेकडे व डोंगरावरून खाली उतरत जाते. क्योतोच्या सखल भागात ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पोहोचते. दर १०० मीटर उंचीला तापमान सुमारे ०.६ अंशांनी उतरते, एवढे गणित लक्षात ठेवले तरी एखाद्या ठिकाणी केव्हा जावे याचा अंदाज बांधता येतो. ऑक्टोबरअखेर उंच डोंगर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दऱ्या आणि मध्यम उंचीची गावे, आणि नोव्हेंबरअखेर शहरांतील बागा, असा क्रम मी पाळते.

पहिली सहल: शिझुतानीची शाळा

शिक्षकाने ओकायामात येऊन पहिली सहल कोठे काढावी, असे कोणी विचारले तर मी एकच नाव घेते. बिझेन येथील शिझुतानी शाळा ओकायामाचे सरदार इकेदा मित्सुमासा यांनी १६७० मध्ये स्थापन केली, आणि सरदारांच्या मुलांसाठी नव्हे, तर सामान्य प्रजेच्या मुलांसाठी. जगातील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या सार्वजनिक शाळांमध्ये तिची गणना होते. १७०१ मध्ये पूर्ण झालेले तिचे सभागृह आज राष्ट्रीय ठेवा आहे. छपरावर बिझेनच्या भट्टीतली तांबूस कौले आहेत, आत केयाकी लाकडाचे दहा खांब आहेत आणि लाकडी जमीन इतकी झळाळते की खिडकीबाहेरचे रंग तीवर उतरतात. भोवती ७६५ मीटर लांबीची, वरून गोलसर घडवलेली दगडी भिंत आहे, जी तीनशे वर्षांनंतरही जागची हललेली नाही.

येथे मेपलपेक्षा ‘काइ’ नावाची दोन झाडे पाहायला लोक येतात. १९१५ मध्ये चीनमधील कन्फ्युशियसच्या समाधीच्या वनातून आणलेल्या बियांपासून ती वाढवली आहेत. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांतले एक झाड लाल आणि दुसरे पिवळे होते, आणि दोन्ही कन्फ्युशियसच्या मंदिरासमोर जोडीने उभी असतात. आजही शाळकरी मुले येथे येऊन त्या चकचकीत जमिनीवर मांडी मोडून बसतात आणि कन्फ्युशियसची वचने मोठ्याने म्हणतात. मी गेले तेव्हा अशीच एक तुकडी बसलेली होती. एक मुलगा अडखळला, शेजारच्याने हळूच पुढचा शब्द सुचवला आणि पाठांतर पुढे चालू झाले. सोमवारी माझ्या वर्गात नेमके हेच घडते, हे आठवून मला तेथून लवकर हलवेना.

जाण्यासाठी ओकायामाहून सान्यो मार्गाच्या गाडीने योशिनागा स्थानकावर उतरावे. तेथून शाळा तीन किलोमीटरच्या आसपास आहे. बस मोजक्याच असल्याने परतीची वेळ उतरल्याबरोबर फलकावरून टिपून घ्यावी किंवा चालायची तयारी ठेवावी.

पुढच्या तीन सहली

ओकायामा शहरातील कोराकुएन ही बाग १७०० मध्ये पूर्ण झाली आणि जपानच्या तीन ख्यातनाम बागांत ती गणली जाते. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हिच्या धर्तीवर घडवलेले आहे. ते पाहिलेल्या पुणेकराला येथे पाण्याचे वळण आणि टेकडीचा उंचवटा ओळखीचा वाटतो, पण येथे नदीपलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला बागेच्या देखाव्यात सामावून घेतलेला आहे, आणि ती किमया मूळ जागीच पाहावी. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मेपलची राई रंगते आणि काही रात्री बाग दिव्यांनी उजळतात. शाळा सुटल्यावरही जाता येईल अशी ही सहल आहे.

प्रांताच्या उत्तरेस ओकुत्सुची दरी आहे, जेथे ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नदीकाठचे खडक आणि लाल पाने एकत्र दिसतात. शेजारच्या गरम झऱ्यांच्या गावात बायका उभ्याने, पायांनी तुडवून कपडे धुण्याची जुनी पद्धत आजही दाखवतात. अस्वले-लांडगे येतात का यावर नजर राहावी म्हणून त्या उभ्याने धूत असत, असे सांगतात. गरम पाण्याच्या स्नानगृहात कपडे पूर्ण काढून, आधी बसून अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचे असते. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि दहा मिनिटांत तो जातो.

तिसरी सहल रात्रभराची आहे, आणि मराठी माणसाने ती चुकवू नये असे मला मनापासून वाटते. वाकायामा प्रांतातील कोयासान हे समुद्रसपाटीपासून ८०० मीटरहून उंच असलेले मठांचे गाव आहे. ८१६ मध्ये कूकाई या आचार्यांनी ते वसवले. येथील विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. ओसाकातील नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीला जावे आणि तेथून केबल गाडीने वर चढावे. ओकायामाहून सगळा प्रवास साधारण चार तासांचा आहे. उंचीमुळे येथे ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पाने पेटतात. जाबारामिची ही मेपलची वाट आणि दोन लाखांहून अधिक समाध्यांचे ओकुनोइनचे देवदारवन ही दोन ठिकाणे सावकाश पाहावीत.

मुक्कामासाठी सुमारे पन्नास मठांत ‘शुकुबो’ ही सोय आहे. तेथील ‘शोजिन ऱ्योरी’ हे भिक्षूंचे जेवण पूर्ण शाकाहारी असते. दाशी कोंबू या समुद्री वनस्पतीचे आणि वाळलेल्या मशरूमचे असते, आणि कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला मी हे जेवण फोनवरून एकेक वाटी दाखवले, तेव्हा तिला पटले की मी येथे उपाशी नाही. संध्याकाळचे जेवण सहाच्या सुमारास आणि सकाळची प्रार्थनाही सहाच्या सुमारास असते, त्यामुळे पाच वाजेपर्यंत मठात पोहोचा. खोली दोन महिने आधी राखून ठेवा आणि लोकरीचे कपडे न्या, कारण नोव्हेंबरमध्ये पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो.

निघताना

विदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल्वे पास कामाच्या व्हिसावर राहणाऱ्याला मिळत नाही. अनेक जण भारतातून तो घेऊन येण्याचा बेत करतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. शरदात ऑक्टोबरच्या आसपास रेल्वे कंपन्या साध्या गाड्यांसाठी खास सवलतीची तिकिटे काढतात, त्यांची चौकशी स्थानकावर करावी. टेकवून वापरायचे इकोका किंवा सुइका कार्ड सर्वत्र चालत असले, तरी एका विभागात चढून दुसऱ्या विभागात उतरता येत नाही, आणि खेड्यातील छोट्या स्थानकांवर यंत्रच नसते. नाणी जवळ ठेवा.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध वादळांचा असतो. तायफूनचा इशारा असेल तर रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवण्याची घोषणा करते, तेव्हा बेत रद्द करा. परत येण्याचा मार्ग बंद झाला तर सोमवारी तुमचे सहकारी तुमचे तास सांभाळत बसतील. डोंगरात शरदात अस्वले खाणे शोधत खाली येतात, म्हणून पायवाटेवर घंटा बांधून चालावे, एकटीने जाऊ नये आणि गावातील इशाऱ्याच्या पाट्या वाचून घ्याव्यात. याच दिवसांत मोठ्या गांधीलमाश्या आक्रमक असतात. काळे कपडे आणि अत्तर टाळा. नोव्हेंबरअखेर पाच वाजताच अंधारते आणि दरीत त्याहून आधी, त्यामुळे दुपारी तीनला परतीची वाट धरावी.

परतताना स्थानकावर थांबून ‘ओमियागे’ घ्यायचे असते, म्हणजे शिक्षकांच्या खोलीसाठी त्या गावचा खाऊ. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला असावा आणि तुकडे टेबलांच्या संख्येहून दोन-चार जास्त असावेत. ओकायामाचे किबी दांगो किंवा मियाजिमाचे मेपलच्या पानाच्या आकाराचे मांजू यासाठी सोयीचे आहेत. दिवाळीत मी शंकरपाळी आणि चकल्या अशाच छोट्या पाकिटांत भरून, त्यात काय काय आहे ते जपानीत लिहून ठेवते. मुलांना मात्र घरचे काहीही खायला देऊ नये, कारण ॲलर्जीच्या भीतीने शाळांना ते चालत नाही. सकाळच्या सभेआधी प्रत्येक टेबलावर एकेक तुकडा ठेवा आणि कोणी विचारले तर कोठे गेला होता ते सांगा. बहुतेक वेळा समोरच्या टेबलावरचे शिक्षक लगेच नकाशा उघडतात आणि त्यांच्या आजोळच्या गावची, प्रवाशांच्या पुस्तकांत नसलेली, एखादी दरी दाखवतात. ती तारखेसह टिपून घ्या, कारण तेथील पाने पुढच्याच आठवड्यात रंगणार असतात.